क्रूझवरच्या इटालियन रेस्टॉरंटात जेवायला जाताना: ठाण्यातल्या तयारीपासून बिलावरच्या सहीपर्यंत

सूप व्हेज आहे का, असं विचारू नका. सूप कशाच्या पाण्यात केलंय, ते विचारा. हे मला चार हजार किलोमीटर लांब, समुद्रात, सासूबाईंच्या समोर बसून कळलं.

आमची पहिली क्रूझ सिंगापूरहून होती. दुसऱ्या रात्री जादा पैसे भरून इटालियन रेस्टॉरंटात गेलो. आईंनी मिनेस्त्रोने मागवलं, म्हणजे भाज्यांचं सूप. ‘व्हेज ना?’ विचारलं, ‘यस मॅडम’ असं उत्तर आलं. अर्धा वाडगा संपला तेव्हा आमचं मराठी ऐकून शेजारच्या टेबलावरचा वेटर आला. बार्देशचा मुलगा, जहाजांवर नोकरी करणाऱ्या ज्यांना गोव्यात तारवटी म्हणतात त्यांपैकी. वाडग्याकडे बघून तो हळूच म्हणाला, ‘‘मावशी, ह्यात भाज्याच आहेत, पण पाणी कोंबडीचं.’’ आईंनी चमचा खाली ठेवला, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि उरलेली संध्याकाळ ब्रेड मोडत बसल्या. रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. त्या वेळी नौपाड्यातल्या घरीच महिनाभर आधी तयारी केली आणि जेवण उत्तम झालं. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेच्या अनुभवावरून लिहितेय.

जायचंच का, ते आधी ठरवा

क्रूझच्या तिकिटात मुख्य डायनिंग रूम आणि बुफे धरलेला असतो. इटालियन, स्टेक, जपानी ही ‘स्पेशालिटी’ रेस्टॉरंटं बहुतेक कंपन्यांत वेगळे पैसे घेतात. प्रिन्सेसचं साबातिनीज, रॉयल कॅरिबियनचं जोव्हानीज, हॉलंड अमेरिकाचं कॅनालेट्टो ही त्यातली ओळखीची नावं. ओशेनियाच्या तोस्काना रेस्टॉरंटला वेगळे पैसे पडत नाहीत, पण त्यांचं तिकीटच तसं जड. डिस्नेच्या पालोमध्ये फक्त मोठ्यांना प्रवेश असतो, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर तो विषयच संपला.

पैसे घेण्याचे दोन प्रकार. एकात माणशी ठरावीक रक्कम भरायची आणि मेनूतलं हवं ते मागवायचं. दुसऱ्यात आपल्या हॉटेलांसारखा प्रत्येक पदार्थाचा वेगळा दर. त्यावर बऱ्याच ठिकाणी १८ टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्ज चढतो आणि तो हिशोबात धरायला माणूस हमखास विसरतो. समजा माणशी ४० डॉलर दर असेल, तर पाच जणांचे २००, वर ३६, म्हणजे २३६ डॉलर. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावरसुद्धा डॉलर अमेरिकन असू शकतो, तेव्हा चलन नीट बघा. आपल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकी चलनासाठी ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो, तोही मिळवा.

माझं मत स्पष्ट सांगते. तीन-चार रात्रींच्या क्रूझवर अशी एक संध्याकाळ पुरे. घरात दोघं जण तरी शांतपणे दोन तास बसून जेवणारे असतील तरच जा. पाचही जणांना ‘पटकन खाऊन शोला पळायचंय’ असं असेल, तर बुफेतला फुकटचा पिझ्झा काही वाईट नसतो. मुंबईहून कॉर्डेलियाने गोवा किंवा लक्षद्वीपला जाणार असाल तर हा लेख निम्माच उपयोगी आहे. तिथे जैन जेवणसुद्धा सहज मिळतं आणि आईंसारख्यांना प्रश्नच पडत नाही.

बुकिंग घरून, आणि कालनिर्णय बघून

तिकीट निघालं की बुकिंग नंबर कंपनीच्या ॲपवर टाका. स्पेशालिटी रेस्टॉरंटची टेबलं बहुतेकदा तिथेच आधी घेता येतात. साडेसात-आठच्या वेळा आधी भरतात. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी काही ठिकाणी सवलत सांगतात, कारण त्या संध्याकाळी लोक सामान लावण्यात आणि डेकवर फोटो काढण्यात असतात. त्या सवलतीसाठी थांबायचं की हवी ती वेळ आधीच पक्की करायची, हा ज्याचा त्याचा जुगार. आम्ही पाच जण होतो. पाच जणांचं एकत्र टेबल ऐन वेळी मिळत नाही.

रात्र निवडताना तीन गोष्टी पाहा. बंदरावर उतरून दिवसभर फिरून येणार असाल ती रात्र नको, माणसं ताटलीवर डुलक्या काढतात. फॉर्मल नाइटला, म्हणजे ठेवणीतले कपडे घालून जेवायच्या रात्री, मुख्य डायनिंग रूममध्ये नेहमीपेक्षा भारी मेनू असतो, तो सोडून बाहेर पैसे का भरा? आणि घरी कालनिर्णय काढून बघा. आमच्या पहिल्या क्रूझची ती रात्र अंगारकी निघाली असती, थोडक्यात चुकली. संकष्टी करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ आपल्याकडची आहे, सिंगापूरच्या समुद्रातली नाही.

वेळेची आणखी एक गंमत. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्याने तिथे वर्षभर सूर्य संध्याकाळी सातच्या आगेमागेच मावळतो. खिडकीपाशी टेबल हवं असेल तर साडेसहाची वेळ घ्या. अंधार पडल्यावर त्या मोठ्या काचेत समुद्र दिसत नाही, आपलंच जेवणारं तोंड दिसतं. फुकेतला जाणारं जहाज असेल तर फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या १ तास मागे असतं आणि मोबाइल स्वतःहून वेळ बदलतो. टेबलाची वेळ मात्र जहाजाच्या घड्याळाने मोजतात. बुकिंग करून गेलात नाही तर काही ठिकाणी दंड खात्यात पडतो, त्यामुळे साधं मनगटी घड्याळ बरोबर असू द्या.

शाकाहाराचं पत्र

ठाण्यात आपण ‘प्युअर व्हेज’ म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. इटालियन स्वयंपाकघरात त्या शब्दाला तेवढा अर्थ नाही. तिथे व्हेज म्हणजे ताटलीत मांसाचा तुकडा दिसत नाही, एवढंच. बाकी सगळं आत विरघळलेलं असतं.

म्हणून क्रूझ कंपनीला, किंवा एजंटकडून गेला असाल तर एजंटमार्फत, निघण्याच्या महिनाभर आधी ईमेल पाठवा. ‘व्हेजिटेरियन’ असा एक शब्द लिहून थांबू नका. काय चालत नाही त्याची नावं लिहा: मांस, मासे, अंडं, मांसाचा स्टॉक, अँकोव्ही, जिलेटिन, प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवून चीज लावायचं ते), वाइन घातलेला सॉस. जैन मंडळींनी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट अशी कंदमुळं एकेक करून लिहावीत. आमच्या मजल्यावरच्या शहाकाकूंनी ‘रूट व्हेजिटेबल्स नको’ एवढंच लिहिलं होतं. त्यांच्या ताटलीत कांदा आलाच, कारण शेफच्या लेखी कांदा मूळ नव्हे.

यातली एकेक भानगड सांगते.

पाणी, म्हणजे स्टॉक. मिनेस्त्रोने आणि रिसोत्तो यांत तो हमखास. रिसोत्तो म्हणजे आपल्या गुरगुट्या भाताचा श्रीमंत भाऊ. बुटक्या तांदळात गरम स्टॉक पळी-पळीने मुरवत १८-२० मिनिटं ढवळत राहायचं, सुरुवातीला बहुधा वाइनही. स्टॉक भाज्यांचा आहे का, हे विचारल्याशिवाय तो मागवू नका.

अंडं. सुका पास्ता, म्हणजे स्पगेटी किंवा पेन्ने, साधारणपणे ड्यूरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच. ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, राव्हिओली, लझान्याच्या पट्ट्या, यांच्या कणकेत बहुतेकदा अंडं असतं. गंमत अशी की महागड्या रेस्टॉरंटात वेटर ज्याची सर्वांत जास्त भलामण करतो तो हा ‘हँडमेड फ्रेश पास्ता’च असतो. अंडं न खाणाऱ्यांनी तिथे साधं सुकं पेन्ने मागावं.

चीज. इथे घोटाळा मोठा आहे. आपल्याकडच्या डब्यातलं चीज मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनच्या, रेनेटने लावलेलं असतं, म्हणून त्यावर हिरवा ठिपका दिसतो. इटलीचं खरं पार्मेजानो रेज्जानो दूध, मीठ आणि वासराच्या पोटातलं रेनेट यांतूनच करावं लागतं, तसा त्यांचा नियमच आहे. किमान १२ महिने मुरवतात, पण ते रेनेट काही बाहेर येत नाही. पेकोरिनो रोमानोत कोकराचं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘नो पार्मेजान, नो पेकोरिनो’ असं नावानिशी सांगायचं. पेस्तो या हिरव्या पानांच्या चटणीतही ते वाटलेलं असतं, लसणासकट. मस्कार्पोने मात्र आंबट घालून फाडतात, आपल्या पनीरच्याच जातीचं.

मासे. पुत्तानेस्का सॉसमध्ये आणि सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचा खारवलेला छोटा मासा विरघळलेला असतो. दिसत नाही, चवही खारटपणाच्या आड लपते.

आणि जिलेटिन, प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून काढलेलं, पदार्थ घट्ट करणारं. पण ते गोडात येतं, पुढे सांगते.

हे पत्र पाठवलं की काम झालं असं मात्र नाही. त्याची छापील प्रत पर्समध्ये ठेवा. जहाजावर चढल्यावर त्याच दुपारी रेस्टॉरंटच्या दारात जाऊन हेड वेटरला ती द्या आणि त्या रात्रीचा मेनू मागून घ्या. जेवणाच्या आदल्या दिवशी काय खाणार ते सांगितलंत, तर स्वयंपाकघर तुमच्यासाठी वेगळा सॉस लावू शकतं. ऐन वेळी त्यांच्या हातात असतो तो सकाळी पातेलंभर करून ठेवलेला सॉस, त्यातून लसूण काढणार कसा?

एक तालीम घरी

हे ऐकून माझी बहीण हसली होती, पण करून बघाच. निघण्याआधीच्या एका रविवारी घरी पेन्ने आणा, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा १ मिनिट कमी उकडा आणि एक नळी मधोमध कापा. आत सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसेल. इटालियन लोक याला ‘अल देंते’ म्हणतात, दाताला लागेल असा. आईंनी एक घास घेतला आणि निकाल दिला, ‘‘कच्चं राहिलंय.’’ त्यांच्या डोक्यात वरणफळं होती, वरणात शिजून मऊसूत झालेली. आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, आवडलं, कारण त्यांना भातही मोकळाच लागतो. तर घरातल्या कोणाला कसं लागतं ते इथेच कळलं, आणि जहाजावर आईंच्या पेन्नेसाठी ‘व्हेरी सॉफ्ट, प्लीज’ असं मी आधीच सांगून ठेवलं. शेफ नाक मुरडतो म्हणे. मुरडू दे.

त्याच दिवशी मुलांकडून नावं म्हणवून घ्या. ‘ब्रुस्केत्ता’, ‘ब्रुशेटा’ नव्हे. ‘न्योक्की’, ‘ग्नोची’ नव्हे. वेटरला दोन्ही कळतात, पण ऑर्डर देताना मोठ्यांचा आवाज चाचरत नाही.

कपडे

पुरुषांनी फुल पँट, कॉलरचा शर्ट, पायात बूट. हाफ पँट, बनियनसारखे टी-शर्ट आणि रबरी चपला दारातून परत पाठवतात. साडी कुठेही चालते आणि कौतुकही होतं. एसी जबर असतो, शाल घ्या.

टेबलावर

आपलं ताट एकदम वाढलेलं असतं. मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला, भाज्या उजव्या, मधे भाताची मूद. नजर सगळ्या ताटावर फिरते, मग हात ठरवतो. इटालियन जेवणात हेच ताट उलगडून तासा-दीड तासावर पसरलेलं असतं. हे ध्यानात आलं नाही तर वीस मिनिटांनी आप्पांसारखा माणूस म्हणतो, ‘‘वाढायला विसरले की काय?’’

आधी येते आंतिपास्ती, म्हणजे डावी बाजू: ब्रुस्केत्ता, ऑलिव्ह, भाजलेल्या भाज्या, बुर्राता चीज. मग प्रीमी, म्हणजे पास्ता, रिसोत्तो किंवा न्योक्की (बहुधा बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे). मग सेकोंदी, मांस-मासळीचा मुख्य पदार्थ. त्याच्याबरोबरच्या भाज्या कोंतोर्नी म्हणून वेगळ्या मागवाव्या लागतात. शेवटी दोल्ची, गोड. शाकाहारी माणसाला सेकोंदीत बहुतेकदा वांग्याचं पार्मिजाना एवढंच उरतं, आणि नावाप्रमाणे त्यात ते चीज आहेच. म्हणून शाकाहाऱ्यांनी सरळ दोन प्रीमी मागवावेत, पहिला अर्ध्या आकाराचा. पोलेंता दिसली तर जरूर घ्या, मक्याच्या पिठाची उकडच ती, फक्त चीज वगळायला सांगा.

बसल्या बसल्या फोकाच्चा ब्रेड आणि ऑलिव्ह तेल येतं. टोपली रिकामी झाली की पुन्हा भरते. आमच्या पहिल्या खेपेला मुलीने तीन तुकडे फस्त केले आणि पास्ता आला तेव्हा तिचं पोट गच्च. एकेक तुकडा, बस.

ऑर्डर घ्यायला वेटर आला की पदार्थाच्या आधी पत्र पुढे करा. मग प्रत्येक पदार्थाला तोच प्रश्न: पाणी कशाचं, चीज कोणतं, अंडं आहे का. ‘इज इट व्हेज?’ला उत्तर ‘यस’च मिळतं. ‘व्हॉट स्टॉक?’ विचारलं की तो थांबतो, ‘लेट मी चेक’ म्हणतो आणि आत जातो. हा आत जाणारा वेटर चांगला. तिथल्या तिथे हसून मान डोलावणारा नको.

माणशी रक्कम भरली असेल तर पाच जणांनी पाच वेगळे पदार्थ घ्या आणि रिकाम्या ताटल्या आधीच मागवा. काटा लागायच्या आधी वाटून घेतलं की उष्ट्याचा प्रश्न उरत नाही आणि सगळ्यांना सगळं मिळतं. एकच ताटली दोघांत मागवणं मात्र अशा ठिकाणी बरं दिसत नाही, आणि पैसे तर दोघांचे गेलेलेच असतात.

स्पगेटी खायची युक्ती आमच्या मुलीने आप्पांना शिकवली. काटा ताटलीच्या कडेला उभा टेकवायचा, तीन-चारच धागे दातांत अडकवायचे आणि जागच्या जागी फिरवत राहायचं, लोकरीचा गुंडा होतो तसं. सगळ्या ढिगात काटा खुपसला की लिंबाएवढा गोळा होतो आणि तोंडात मावत नाही. आप्पांचा पहिला गुंडा धोतरावर उतरला असता, पण ते पँटमध्ये होते. लहान मुलांना खुशाल कापून द्या, कोणी बघत नाही.

पास्ता समोर आला की वेटर चीजची किसणी घेऊन येतो आणि तुम्ही थांबवेपर्यंत किसत राहतो. हा क्षण सगळ्यात फसवा. सॉसमधून पार्मेजान कटाक्षाने वगळून आणलेला असतो आणि आपण बोलण्यात गुंतलो की वरून बर्फासारखा तोच पडतो. आईंनी दुसऱ्या खेपेला ताटलीवर दोन्ही तळवे आडवे धरले, आरतीवरून हात फिरवतो तसे. वेटर हसला आणि पुढे सरकला.

तिखट हवं असेल तर सॉस अराब्बियाता मागवा. नावाचा अर्थच ‘चिडलेला’. तरी मामलेदारच्या मिसळीवर वाढलेल्या माणसाला तो चिडलेला म्हणजे जरासा रुसलेला वाटतो. सुक्या मिरचीचे तुकडे वेगळे मिळतात, ‘पेपेरोंचिनो’ म्हणायचं.

पाणी साधं मागा. ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ या गोड प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा पैशाची बाटली असते. ‘रेग्युलर वॉटर’ म्हटलं की साध्या पाण्याचा जग येतो.

बोट लागणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच जहाजाच्या मधल्या भागातलं, खालच्या मजल्यावरचं रेस्टॉरंट असेल तर ते निवडावं. टोकाला आणि उंचावर हेलकावे जास्त जाणवतात. आलेपाक पर्समध्ये असू द्या.

दुसऱ्या खेपेचा हेड वेटर इटलीचा होता. आप्पा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यांना राहवलं नाही. व्हेनिसच्या मार्को पोलोच्या पुस्तकात आमचं ठाणं ‘ताना’ म्हणून आहे आणि पोर्देनोनेचा ओडोरिक हा साधू १३२२ च्या सुमारास ठाण्यात येऊन गेला, असं त्यांनी त्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पोर्देनोने त्या माणसाच्या गावापासून तासाभरावर निघालं. त्यानंतर आईंच्या पेन्नेबद्दल स्वयंपाकघरातून तीनदा विचारणा झाली. दर खेपेला असं होईल असं नाही, पण वेटरशी दोन शब्द बोलल्याचं नुकसान कधी होत नाही.

गोड आणि कॉफी

पन्ना कोत्ता दिसते दुधाच्या खरवसासारखी, पण ती जिलेटिनने लागते. तिरामिसूत अंडं, तेही बहुधा कच्चं, शिवाय त्यातल्या कॉफीत अनेकदा मद्य. कान्नोलीच्या कवचात कधी डुकराची चरबी असते. शाकाहाऱ्यांना उरतो जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, त्यातही अंड्याचं विचारून, किंवा फळांचा सोर्बेत. अंडं चालणाऱ्यांनी तिरामिसू मात्र सोडू नये, आणि एकच मागवून पाच चमचे मागावेत.

रात्रीच्या जेवणानंतर कापुच्चिनो मागवला तर इटालियन माणूस हसतो, त्यांच्या लेखी दुधाची कॉफी सकाळची. तुम्हाला हवी असेल तर घ्या. एस्प्रेसो दोन घोटांत संपते आणि झोप उडवते. माणशी रकमेत कॉफी धरली आहे का, ते आधी विचारा.

बिल

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दिलं की रक्कम खात्यावर चढते आणि सहीसाठी चिठ्ठी येते. सर्व्हिस चार्ज आधीच लागलेला असेल तर तसा तो छापलेला असतो. त्याखाली ‘ॲडिशनल ग्रॅच्युइटी’ अशी एक रिकामी ओळ दिसते. ती भरणं बंधनकारक नाही. द्यायचं नसेल तर रिकामी न ठेवता आडवी रेघ मारा, मग खाली एकूण आकडा स्वतः लिहा. आत जाऊन तीनदा विचारून येणाऱ्यासाठी आम्ही त्या ओळीत काहीतरी लिहिलं, कोंबडीच्या पाण्याला ‘यस मॅडम’ म्हणणाऱ्यासाठी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या टीव्हीवर किंवा ॲपवर खातं उघडून आकडा जुळतो का पाहा. न मागवलेली पाण्याची बाटली सापडली तर तेव्हाच गेस्ट सर्व्हिसला सांगा, उतरायच्या सकाळी तिथे रांग सिद्धिविनायकाची असते.

आणि चिठ्ठीच्या त्या काळ्या पाकिटातून कार्ड परत काढून घ्या. त्याच कार्डाने खोलीचं दार उघडतं. आमचं तिथेच राहिलं, आणि अकराव्या मजल्यावर आप्पा नि आई दाराशी टेकून उभे असताना मी साडी सावरत पाचव्या मजल्यावर परत गेले.